‘तेव्हां’चें कारण आणि ‘आतां’चें फल
(इंग्रजींतील मिश्र संकेतार्थी वाक्यें)

समजा, आपल्या घरचा मुलगा शिक्षणासाठीं परदेशीं गेला आहे आणि महिनाभर त्याची कांहीं खुशाली नाहीं. अशा वेळीं त्याच्याबरोबर राहणाऱ्या परभाषी सोबत्याचें दोन ओळींचें पत्र येतें व त्यांत पुढील वाक्य असतें : ‘इफ ही वेअर नॉट इल, ही वुड हॅव रिटन टु यू.’ घरांतली कॉलेजांत जाणारी मुलगी तें मोठ्यानें वाचते आणि अर्थ सांगते, ‘दादा आजारी नसता तर त्यानें पत्र लिहिलें असतें.’ अर्थ चुकला असें म्हणतां येणार नाहीं. पण आई लगेच विचारते, ‘म्हणजे आजारी होता, कीं अजून आहे?’ या प्रश्नाचें उत्तर मराठी भाषांतरांत निसटलें. इंग्रजी वाक्यांत तें स्वच्छ आहे. ‘वेअर’ या एका शब्दानें सोबत्यानें सांगून टाकलें कीं, मुलगा हें पत्र लिहितांनाहि आजारी आहे. त्यानें ‘इफ ही हॅड नॉट बीन इल’ असें लिहिलें असतें, तर आजार त्या वेळचा होता एवढेंच कळलें असतें. आज तो बरा असूं शकेल, अशी आशा धरण्यास जागा राहिली असती.

ज्या वाक्यांत अट एका काळाची आणि फल दुसऱ्या काळाचें, त्यांस इंग्रजी व्याकरणांत ‘मिक्स्ड कंडिशनल’ म्हणतात. आपण त्यांस मिश्र संकेतार्थी वाक्यें म्हणूं. अलीकडे मुलांस संकेतार्थ क्रमांकांनीं शिकवतात : पहिला, दुसरा, तिसरा. थॉमसन व मार्टिनेट यांचें इंग्रजी व्याकरण १९६० सालीं निघालें, त्यांत हे तीन प्रकार मांडलेले आहेत आणि पुढें असंख्य पाठ्यपुस्तकांनीं तीच वाट धरली. क्रमांकांनीं सोय होते हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु मुलगा ते पाढ्यांसारखे पाठ करतो, आणि अर्धा भाग तिसऱ्या प्रकाराचा व अर्धा दुसऱ्याचा असें वाक्य पुढें आलें कीं त्यास वाटतें, छापणाराचीच चूक झाली असावी. मग तो मोठ्या उत्साहानें शुद्ध वाक्य अशुद्ध करून ठेवतो. वर्गांत हें आम्हीं इतक्या वेळां पाहिलें आहे कीं, हे क्रमांक थोडे उशिरां शिकवले तर बरें, असें आमचें मत झालें आहे.

त्याऐवजीं मुलांस एकच संवय लावावी. संकेतार्थी वाक्य लिहिण्यापूर्वीं ‘केव्हां?’ असें दोनदां विचारावें. एकदां जर-वाक्यास आणि एकदां तर-वाक्यास. दोन्ही उत्तरें सारखीं आलींच पाहिजेत असा कोठेंहि नियम नाहीं. कारण काल घडतें व त्याचें फल आज भोगावें लागतें, हा तर संसारांतला नित्याचा अनुभव आहे; भाषेंत तो उमटल्यास नवल काय?

मराठी माणसास ही वाक्यें मुळींच नवीं नाहींत. ‘वेळेवर चष्मा लावला असता तर आज डोळे असे नसते,’ ‘धाकट्यानें तेव्हां नोकरी सोडली नसती तर आतां तो मोठ्या हुद्द्यावर असता,’ अशीं वाक्यें आपल्या ओसरीवर रोज बोललीं जातात. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें मराठी भाषेचें व्याकरण १८३६ सालीं छापलें गेलें, तेव्हांपासून मराठींतील क्रियापदांच्या अर्थांचा शास्त्रीय विचार चालूं आहे. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ हे चार अर्थ शाळेंत गेलेल्या प्रत्येकानें घोकलेले असतात. तेव्हां विचार घरचाच आहे. अडचण आहे ती रूपांची, आणि ती कोठून येते हें पाहण्यास थोडें मागें, संस्कृताकडे जावें लागेल.

घडण्यासारखी क्रिया कांहीं कारणानें घडली नाहीं, या अर्थासाठीं पाणिनीनें लृङ् हा स्वतंत्र लकार सांगितला आहे. क्रिया अशी पार न पडणें यास वैयाकरण ‘क्रियातिपत्ति’ म्हणतात. आतां आमचेंच एक साधें वाक्य घ्या : ‘यदि त्वम् अपठिष्यः तर्हि उत्तीर्णः अभविष्यः.’ तूं अभ्यास केला असतास तर उत्तीर्ण झाला असतास. येथें दोन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. जर-वाक्यांत लृङ् आणि तर-वाक्यांतहि लृङ्च. शिवाय हाच लकार भूतकाळीं न घडलेल्या क्रियेस चालतो व भविष्यकाळीं न घडणाऱ्या क्रियेसहि चालतो. काळ कोणता, तें संदर्भावरून ओळखावें लागतें. मराठीनें ही ठेवण पुष्कळ अंशीं राखली आहे. ‘केला असतास’, ‘झाला असतास’. दोहोंकडे तेंच ‘असणें’. काळाचेंहि तसेंच. ‘तेव्हां चार झाडें लावलीं असतीं तर काल आपण सावलींत बसलों असतों,’ असें म्हणतां येतें आणि ‘तर आज, या घटकेस, सावलींत बसलों असतों,’ असेंहि म्हणतां येतें. ‘बसलों असतों’ हें एकच रूप दोन्ही ठिकाणीं निभावून नेतें. इंग्रजींत पहिल्या ठिकाणीं ‘वुड हॅव सॅट’ आणि दुसऱ्या ठिकाणीं ‘वुड बी सिटिंग’. मराठींत ‘काल’ व ‘आज’ हे शब्द जें काम करतात तें इंग्रजीनें क्रियापदाच्या रूपावर टाकलें आहे.

यावरून आमच्या विद्यार्थ्यांच्या दोन नेहमींच्या चुका कशा होतात तें उघड होईल. पहिली ही कीं, दोन्ही भागांत ‘असतें’ दिसलें म्हणून दोन्ही भागांत ‘वुड’ बसवावयाचें : ‘इफ आय वुड हॅव स्टडीड, आय वुड हॅव पास्ड.’ असें बोलणें हल्लीं अमेरिकेंत कानांवर येतें हें खरें, परंतु परीक्षेंत किंवा नीटनेटक्या लेखनांत तें चालत नाहीं. इंग्रजी भाषा जर-वाक्य आणि तर-वाक्य यांस निरनिराळीं वस्त्रें देते. ‘वुड’ हें तर-वाक्याचें वस्त्र आहे. (‘इफ यू वुड काइंड्ली वेट’ यांतील ‘वुड’ निराळें. तें विनंतीचें आहे, संकेताचें नव्हे.) दुसरी चूक आमच्या आजच्या विषयाची. फल आजचें असूनहि ‘झाला असता’ या शब्दांच्या ओढीनें सर्वत्र ‘वुड हॅव’ लिहावयाचें.

इंग्रजीची युक्ति समजली म्हणजे रूपें पाठ करण्याचे कष्ट पुष्कळ कमी होतात. जी गोष्ट खरी नाहीं ती सांगतांना इंग्रजी एक पाऊल मागें सरते. आजची न घडलेली गोष्ट असेल तर भूतकाळाचें रूप घेते : ‘इफ आय न्यू’, म्हणजे मला आतां ठाऊक असतें तर. कालची न घडलेली गोष्ट असेल तर भूताच्याहि मागें जाते : ‘इफ आय हॅड नोन’, म्हणजे मला तेव्हां ठाऊक असतें तर. हें झालें जर-वाक्याचें. तर-वाक्यांत आजच्या फलास ‘वुड’ आणि मूळ क्रियापद, कालच्या फलास ‘वुड हॅव’ आणि भूतकालवाचक धातुसाधित. ‘वुड’च्या जागीं ‘शक्य होतें’ या अर्थीं ‘कुड’ आणि ‘कदाचित्’ या अर्थीं ‘माइट’ हींहि येतात. एवढेंच सामान. जर-वाक्याचे दोन काळ, तर-वाक्याचे दोन काळ, त्यांच्या जोड्या चार. दोहोंत काळ सारखे, दोहोंत निराळे. निराळे असलेल्या दोन जोड्या म्हणजे आपले मिश्र संकेतार्थ.

त्यांपैकीं अट भूतकाळची आणि फल वर्तमानाचें, ही जोडी फार मोठी कामकरी आहे. इतिहासाचें कोणतेंहि पान उघडा, तिचें काम पडतें. १०६६ सालीं नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकलें आणि दरबार, न्यायालय व खानदानी मुदपाकखाना यांत फ्रेंच भाषा शिरली. म्हणून इंग्रजींत गोठ्यांतली गाय ‘काऊ’ आहे व ताटांतली ‘बीफ’, कुरणांतली मेंढी ‘शीप’ आहे व ताटांतली ‘मटन’. हें सारें एका वाक्यांत म्हणावयाचें तर : ‘इफ द नॉर्मन्स हॅड नॉट कॉन्कर्ड इंग्लंड, इंग्लिश वुड बी अ व्हेरी डिफरंट लँग्वेज टुडे.’ जिंकणें तेव्हांचें, म्हणून ‘हॅड कॉन्कर्ड’. भाषेचें रूप आजचें, म्हणून ‘वुड बी’. आपल्या देशापुरतें असेंच एक वाक्य मेकॉलेच्या नांवावर रचतां येईल. त्याचें शिक्षणविषयक टिपण १८३५ च्या फेब्रुवारींतलें. पुढच्याच महिन्यांत बेंटिंकच्या सरकारनें इंग्रजी शिक्षणाच्या बाजूनें ठराव केला. ‘इफ मेकॉले हॅड लॉस्ट दॅट आर्ग्युमेंट, अवर चिल्ड्रन वुड नॉट बी स्ट्रगलिंग विथ कंडिशनल्स नाऊ.’ फल आतां चालूं असलेली क्रिया असल्यास असें ‘वुड बी’पुढें ‘इंग’ जोडलेलें रूप यावें, हें या उदाहरणावरून सहज दिसेल.

हाच प्रकार दुःखाच्या बोलण्यांत येतो तेव्हां त्याचें खरें सामर्थ्य कळतें. घरांतलें माणूस गेलें, आणि पुढें कितीतरी वर्षें कोणीतरी म्हणत राहतें, ‘त्या रात्रीं डॉक्टर आले असते तर...’ या ‘तर’च्या पुढें दोन वाक्यें येऊं शकतात. ‘तर तो वांचला असता,’ हें एक. ‘तर तो आज असता,’ हें दुसरें. मराठी कानास ही दोन वाक्यें एक वाटत नाहींत. पहिल्यांत ती रात्र आहे. दुसऱ्यांत आजच्या पंगतींतला रिकामा पाट आहे. इंग्रजींतहि हा भेद तितकाच स्पष्ट आहे : ‘ही वुड हॅव सर्व्हाइव्ह्ड’ आणि ‘ही वुड बी अलाइव्ह टुडे.’ पहिलें तिसऱ्या क्रमांकाचें शुद्ध वाक्य, दुसरें मिश्र. ज्या मुलास तिसरा क्रमांक तेवढा पाठ आहे तो दुसऱ्या वाक्याचें भाषांतर करतांना पहिलेंच लिहितो, आणि पंगतींतला तो रिकामा पाट भाषांतरांतून नाहींसा होतो. एक बारकावा मात्र येथेंच सांगून ठेवतों. गेलेल्या माणसाच्या वयाविषयीं बोलतांना इंग्रज लोक ‘ही वुड हॅव बीन एटी टुडे’ असें सर्रास म्हणतात. तेथें ‘टुडे’ असूनहि ‘वुड हॅव बीन’ आहे, कारण त्या माणसाची सगळीच गोष्ट त्यांच्या लेखीं भूतकाळांत जमा झालेली असते. परीक्षकानें असें वाक्य घातलें तर मुलांनीं गोंधळूं नये.

‘नाऊ’ किंवा ‘टुडे’ दिसलें कीं डोळे मिटून ‘वुड बी’ लिहावें, अशी खूण कांहीं मार्गदर्शक पुस्तकें देतात. खूण बऱ्यापैकीं उपयोगी पडते, पण ‘बाय नाऊ’ या शब्दांपाशीं ती हमखास दगा देते. ‘इफ वी हॅड लेफ्ट ॲट सिक्स, वी वुड हॅव रीच्ड पुणे बाय नाऊ’ हें वाक्य शुद्ध आहे. ‘इफ वी हॅड लेफ्ट ॲट सिक्स, वी वुड बी इन पुणे बाय नाऊ’ हेंहि शुद्ध. भेद क्रियापदाच्या जातीचा आहे. पोंचणें ही एका क्षणीं घडून संपणारी क्रिया. ती आत्तांच्या आधीं कधींतरी होऊन गेली असती, म्हणून ‘वुड हॅव रीच्ड’. पुण्यांत असणें ही स्थिति. ती आत्तां, या क्षणीं, चालूं असती, म्हणून ‘वुड बी’. तेव्हां खुणेच्या शब्दाकडे पाहण्याआधीं क्रियापदाकडे पाहावें. घडलें आणि संपलें, कीं आहे आणि चालूं आहे?

आतां दुसरी जोडी : अट वर्तमानाची, फल भूतकाळचें. आरंभींचें आजारी मुलाचें वाक्य याच जातीचें. ‘इफ ही वेअर नॉट सो शाय, ही वुड हॅव आस्क्ड हर फादर लाँग अगो,’ म्हणजे तो असा लाजाळू नसता तर त्यानें केव्हांच तिच्या वडिलांस विचारलें असतें. न्यायशास्त्र शिकलेला वाचक येथें हरकत घेईल. कारण हें कार्याच्या आधीं असलेंच पाहिजे, तें आजचें आणि कार्य कालचें, असें कसें होईल? हरकत रास्त आहे आणि तिच्या उत्तरांतच या प्रकाराचा नियम दडलेला आहे. येथील अट निव्वळ आजची नसते. ती कालहि होती, आज आहे, आणि बहुधा उद्यांहि राहील. लाजाळूपणा हा स्वभाव आहे; तो केव्हांच विचारण्याच्या वेळींहि होता. म्हणून या जर-वाक्यांत स्वभाव, नातें, ज्ञान, आवड, ऐपत, टिकून राहिलेली प्रकृति अशा गोष्टीच याव्या लागतात. ‘इफ आय स्पोक तमिळ, आय वुड हॅव अंडरस्टुड हिम’ बरोबर, कारण तमिळ येणें ही टिकणारी गोष्ट आहे. ‘इफ आय वेअर रिच, आय वुड हॅव बॉट दॅट हाउस’ बरोबर. पण गाडी चुकणें ही एका वेळची घटना आहे. म्हणून गाडी चुकली नसती तर मी काल सभेस आलों असतों, हें सांगतांना ‘इफ आय डिड नॉट मिस द ट्रेन, आय वुड हॅव कम’ असें लिहिणें चूक. तेथें ‘इफ आय हॅड नॉट मिस्ड’ असेंच पाहिजे. या प्रकारांत ‘आय’ व ‘ही’ यांच्यापुढेंहि ‘वॉज’ऐवजीं ‘वेअर’ येतें, तो जुन्या इंग्रजींतल्या एका वेगळ्या अर्थाचा अवशेष आहे. बोलण्यांत ‘वॉज’ चालतें. लिहितांना ‘वेअर’ लिहिलें तर कोणाचीच हरकत येत नाहीं.

उद्यांचा दिवसहि या मिश्रणांत येतो, पण त्यासाठीं नवें कांहीं शिकावें लागत नाहीं. ‘इफ आय हॅड गॉट लीव्ह, आय वुड बी गोइंग टु कोकण टुमॉरो.’ इंग्रजी भाषा उद्यांस आजच्याच खणांत ठेवते, इतकें ध्यानांत असलें म्हणजे झालें.

एका गोष्टीची सरमिसळ मात्र होऊं देतां कामा नये. ‘औषध घेतलें असेल तर बरा असेल,’ हें संकेतार्थी वाक्य आपल्या विषयांतलें नव्हे. बोलणाऱ्यास औषध घेतलें कीं नाहीं तें ठाऊक नाहीं. त्यानें तर्क केला आहे. इंग्रजींत : ‘इफ ही हॅज टेकन द मेडिसिन, ही विल बी ऑल राइट.’ यांतहि दोन भागांचे काळ निराळे आहेत, परंतु खोटें ठरलेलें असें यांत कांहीं नाहीं, म्हणून एक पाऊल मागें सरण्याचें कारण नाहीं. उलट, ‘औषध घेतलें असतें तर बरा असता,’ असें म्हणणारा मनुष्य त्या रोग्यानें औषध घेतलें नाहीं असें ठासून सांगत आहे. ‘असेल’ आणि ‘असता’ यांत मराठीनें जो अंतराय ठेवला आहे, तोच इंग्रजीनें ‘हॅज–विल’ आणि ‘हॅड–वुड’ यांत ठेवला आहे.

हें ‘ठासून सांगणें’ घरांत चार माणसें एकत्र राहतात तेथें विशेष जपून वापरावें लागतें. ‘सूनबाई, झाकण नीट लावलें असतें तर दूध आतां जागेवर असतें,’ या वाक्यांत झाकण नीट लावलें नाहीं हा आरोप आधींच सिद्ध धरलेला आहे. त्यावर वाद घालण्यास जागा ठेवलेली नाहीं. कदाचित् झाकण लावलेलें असेल आणि मांजरानें ढकललें असेल. ‘लावलें असेल तर’ असें म्हटलें असतें तर निदान चौकशी झाली असती. इंग्रजी पत्रव्यवहारांतहि हाच धोका आहे. कचेरींतील वरिष्ठास ‘इफ यू हॅड रेड माय लेटर, धिस मॅटर वुड नॉट बी पेंडिंग नाऊ’ असें लिहिणारा तरुण आपण व्याकरणशुद्ध लिहिलें म्हणून संतोष मानतो. साहेबांनीं पत्र वाचलेंच नाहीं असें आपण लेखी म्हटलें आहे, हें त्याच्या गांवींहि नसतें.

सरावासाठीं वेगळें पुस्तक नको. रात्रीं जेवणें झाल्यावर मुलें व मोठीं माणसें बसलीं कीं एकानें घडलेली खरी गोष्ट ‘म्हणून’ घालून सांगावी आणि दुसऱ्यानें ती उलटवावी. उलटवणें म्हणजे दोन कामें. होकार असेल तेथें नकार घालावा व नकार असेल तेथें होकार. आणि प्रत्येक भागास त्याच्या काळापासून एक पाऊल मागें न्यावें. गोपाळ किल्ली घरांत विसरला, म्हणून तो आतां दाराबाहेर उभा आहे. विसरणें तेव्हांचें, उभें असणें आतांचें. दोन्ही होकार आहेत, दोन्ही नकार होतील : ‘इफ गोपाळ हॅड नॉट फरगॉटन द की, ही वुड नॉट बी स्टँडिंग आउटसाइड नाऊ.’ मुलें मोठी झालीं असतील तर ‘इफ’ काढून ‘हॅड गोपाळ नॉट फरगॉटन द की’ असा आरंभ करून दाखवावा. अर्थ तोच राहतो, भाषेस थोडें भारदस्तपण येतें. आरंभीं मुलें ‘नॉट’ एकाच भागांत घालतील आणि गोपाळ किल्ली न विसरतांहि बाहेर उभा राहील. त्यावर सगळे हंसतात, व तो नियम पुन्हां सांगावा लागत नाहीं.

आणखी कांहीं वाक्यें देतों. मुलांनीं आधीं स्वतः करून पाहावीं, मग पुढचें वाचावें. आजीनें तेव्हां आंब्याचें झाड तोडूं दिलें नाहीं, म्हणून आज आपण आमरस खात आहों. येथें पहिला भाग नकाराचा आहे, तो होकाराचा होईल : ‘इफ ग्रँडमदर हॅड लेट देम कट डाउन द मँगो ट्री, वी वुड नॉट बी ईटिंग आमरस टुडे.’ काका भित्रे नाहींत, म्हणून परवां रात्रीं ते एकटे विहिरीवर गेले. धीटपणा स्वभावाचा, जाणें परवांचें. तेव्हां ‘इफ अंकल वेअर टिमिड, ही वुड नॉट हॅव गॉन टु द वेल अलोन.’ मला उद्यां परीक्षा आहे, म्हणून मी काल नाटकास गेलों नाहीं. यांत पुष्कळजण अडतात, कारण अट उद्यांची आणि फल कालचें आहे. पण उद्यां हा आजच्याच खणांतला, आणि परीक्षा ठरलेली होती ती कालहि ठरलेलीच होती. म्हणून ‘इफ आय डिड नॉट हॅव ॲन एग्झॅम टुमॉरो, आय वुड हॅव गॉन टु द प्ले लास्ट नाइट.’ ताईनें वेळेवर अर्ज केला नाहीं, म्हणून ती पुढील महिन्यांत दिल्लीस जाणार नाहीं : ‘इफ शी हॅड अप्लाइड इन टाइम, शी वुड बी गोइंग टु डेल्ही नेक्स्ट मंथ.’

शेवटचें वाक्य स्वयंपाकघरांतलें. आमटींत मीठ दोनदां पडलें, म्हणून ती आतां इतकी खारट आहे. ‘इफ सॉल्ट हॅड नॉट बीन ॲडेड ट्वाइस, द आमटी वुड नॉट बी सो सॉल्टी.’ कर्मणि प्रयोग येथें मुद्दाम योजला आहे. मीठ कोणीं घातलें, तें त्यामुळें वाक्यांत येत नाहीं.